पोटावारी काम : वेठ की शिक्षण?

‘पोटावारी’ हा शब्द आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. मजुरी नाही, पगार नाही. दोन वेळची भाकरी आणि गोठ्याच्या कडेला पाठ टेकायला जागा, एवढ्यावर आपल्या कित्येक पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबल्या. म्हणूनच आज शिकलेला मुलगा किंवा मुलगी घरी येऊन सांगू लागते की, ‘परदेशात एका शेतावर राहायला जायचे आहे. काम करायचे, पैसे मिळणार नाहीत, पण राहणे-जेवण त्यांच्याकडे,’ तेव्हा आई-वडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘हेच करायचे होते तर तुला शिकवले कशाला?’ असा त्यांचा सवाल असतो.

सवाल रास्त आहे. तो हसण्यावारी नेऊन चालणार नाही आणि रागावून मुलांचे तोंड बंद करूनही चालणार नाही. ही पद्धत कोठून आली, तिचे नियम काय, आपल्या बापजाद्यांनी भोगलेल्या वेठीपासून ती कोठे वेगळी होते आणि कोठे पुन्हा त्याच वळणावर जाते, हे घरातल्या सर्वांनी एकत्र बसून समजून घ्यावे, यासाठी हा लेखप्रपंच.

एका सेक्रेटरीची सुट्टी

गोष्ट १९७१ सालची आहे. लंडन शहरात सू कोपार्ड नावाची एक तरुणी सेक्रेटरीची नोकरी करीत होती. शहरात राहून तिला शेताशिवाराची ओढ होती. परंतु गावी शेत नाही, शेतकरी नातेवाईक नाहीत, मग जायचे कोठे? तिने यावर एक साधा उपाय शोधला. ससेक्स परगण्यातील इमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवारी शहरातील काही माणसांनी जायचे, तेथे पडेल ते काम करायचे आणि त्या बदल्यात शेताने त्यांना जेवण व झोपायला जागा द्यायची. प्रयोग जमला. माणसे पुन्हा पुन्हा जाऊ लागली, इतर शेतकरीही ‘आमच्याकडे पाठवा’ म्हणू लागले आणि त्यातून एक संस्था उभी राहिली. ‘वर्किंग वीकेण्ड्स ऑन ऑर्गॅनिक फार्म्स’ हे तिचे पहिले नाव. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे ‘वुफ’ म्हणू लागले.

ही मंडळी सेंद्रिय शेतावरच का गेली, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सेंद्रिय शेतात तणनाशक मारायचे नाही, रासायनिक खत टाकायचे नाही. मग तण हाताने काढावे लागते, शेणखत-कंपोस्ट खत तयार करून पसरावे लागते. म्हणजेच या शेतीला माणसांचे हात जास्त लागतात. हात हवे होते शेतकऱ्याला आणि मोकळी हवा हवी होती शहरातल्या माणसाला. दोघांची गरज दोघांनी भागवली. कोणी कोणावर उपकार केले नाहीत.

आज ही पद्धत शंभराहून अधिक देशांत पसरली आहे. भारतातही तिची संस्था आहे. नाव मात्र दोनदा बदलले. आधी ‘शनिवार-रविवार’ गेले आणि ‘राजीखुशीने काम करणारे’ अशा अर्थाचे शब्द आले. पुढे ‘काम करणारे’ हेही शब्द काढून ‘जगभरातील सेंद्रिय शेतांवरील संधी’ अशा अर्थाचे नाव ठेवले गेले. कारण ‘काम’ हा शब्द दिसला की परदेशी अधिकाऱ्यांना वाटे, ही मजूर नेणारी संस्था आहे. नावातला हा बदल ध्यानात ठेवा. त्याचा संबंध व्हिसाशी कसा येतो, ते पुढे येणारच आहे.

कामाची रीत

ज्या देशात जायचे, त्या देशाच्या यादीसाठी वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हायचे. यादीत शेतकऱ्यांची माहिती असते : शेत केवढे, पीक कोणते, घरात माणसे किती, झोपण्याची सोय कशी, जेवण शाकाहारी की मांसाहारी. आपण थेट पत्रव्यवहार करायचा आणि तारखा ठरवायच्या. मुक्काम आठवड्याचा, पंधरवड्याचा किंवा महिन्याचा असतो. दिवसाला साधारण चार ते सहा तास काम. खुरपणी, फळांची तोडणी, खत पसरणे, कोंबड्यांना दाणा घालणे, शेळ्या-मेंढ्यांची देखभाल, कुंपण बांधणे, चीज किंवा मुरंबा करणे अशी कामे असतात. पैशाची देवघेव दोन्ही बाजूंनी नाही.

सगळीच यजमान मंडळी मोठी शेतकरी नसतात. घरामागे परसबाग, दहा-वीस कोंबड्या, दोन-चार शेळ्या आणि स्वतःपुरते पिकवून खाणारी पुष्कळ कुटुंबे यात आहेत. याच धर्तीवर इतरही संस्था निघाल्या. २००२ साली सुरू झालेल्या ‘वर्कअवे’सारख्या संस्थांत तर शेतीबरोबर घरदुरुस्ती, मुले सांभाळणे, छोट्या लॉजमध्ये मदत करणे अशीही कामे असतात.

या पद्धतीतील एक गोष्ट आम्हाला विशेष महत्त्वाची वाटते. पाहुणा यजमानाच्या कुटुंबाबरोबर एकाच टेबलावर बसून जेवतो, अशी येथे प्रथा आहे. ज्यांच्या आज्याला अंगणात लांब बसवून वरून भाकरी टाकली जात होती, त्यांना या एका गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

जमाखर्च मांडून पाहू

आम्ही पडलो कारकून. भावनेच्या आधी हिशेब पाहतो. इंग्लंडचेच उदाहरण घेऊ. तेथे २०२५ च्या एप्रिलपासून २१ वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड ठरले. दिवसाला ५ तास आणि आठवड्याला ५ दिवस धरले, तर २५ तास होतात. म्हणजे पगारी कामगाराला या कामाचे आठवड्याला ३०५.२५ पौंड द्यावे लागले असते. मालकाने राहायला जागा दिली असेल, तर त्यापोटी दिवसाला जास्तीत जास्त १०.६६ पौंड किमान वेतनात धरण्याची मुभा त्याच कायद्याने त्या वर्षी दिली. सात दिवसांचे झाले ७४.६२ पौंड. जेवणाची किंमत मात्र किमान वेतनात धरता येत नाही. वजाबाकी केली, तर उरतात २३०.६३ पौंड.

हे २३० पौंड कोठे गेले? सात दिवसांच्या जेवणात आणि शिकण्यात. एवढेच त्याचे उत्तर आहे. शेतकऱ्याने कंपोस्ट कसे करायचे, कलम कसे बांधायचे, बी कसे राखायचे, दुधाचे चीज कसे करायचे हे दाखवले. त्या घरात बसून भाषा सुधारली. दुसऱ्या देशातील कष्टकरी माणूस कसा जगतो ते जवळून पाहिले, तर खाते जुळते. परंतु महिनाभर नुसती भांडी घासायला लावली आणि शिकवले काहीच नाही, तर खात्यात तूट आहे आणि ती तूट आपल्या मुलाच्या घामाने भरली गेली आहे.

याच हिशेबात आणखी एक बाब आहे. विमानाचे भाडे, व्हिसा, विमा, वर्गणी हा सगळा खर्च आपला. हातात एक पैसाही येत नाही. म्हणून ज्या मुलाच्या पगारावर घर चालते, त्याच्यासाठी ही गोष्ट नाही. कर्ज काढून जाण्याची तर ही गोष्ट मुळीच नाही. शिक्षण आणि नोकरी यांच्या मधले दोन-चार महिने मोकळे आहेत, गाठीला पैसे आहेत आणि शेतीत किंवा अन्नाच्या धंद्यात शिकायचे आहे, अशांनीच याचा विचार करावा.

वेठ कशाने होते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. महार वतनात काय होते? गावाची आणि सरकारची सगळी कामे करायची, वेळेकाळेचे बंधन नाही, बाप आजारी पडला तर मुलाने किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी हजर व्हायचे. बदल्यात तुटपुंजी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. हे काम सोडण्याची सोय नव्हती, कारण ते जन्माने गळ्यात पडलेले होते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले, ते या गळफासाविरुद्धच. शेवटी १९५८ साली मुंबई राज्याने कायदा करून ही कनिष्ठ वतने रद्द केली.

सालगड्याचेही तसेच. पाडव्याला ठरायचे आणि पुढच्या पाडव्यापर्यंत सुटका नाही. आधी घेतलेली उचल फिटली नाही, तर पुढचे सालही त्याच वाड्यावर. भाकरी मिळत होती, पण त्या भाकरीने माणूस बांधला जात होता.

भारतीय संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगार आणि सक्तीच्या श्रमास मनाई केली. १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. परंतु ‘सक्ती’ म्हणजे नेमके काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली फार स्पष्ट केले. दिल्लीत एशियाड खेळांसाठी बांधकामे चालू होती. मजुरांची किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती. परंतु जमादार प्रत्येकामागे एक रुपया कापून घेत आणि मजुराच्या हातात सव्वाआठ रुपये पडत. ‘पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स’ या संघटनेच्या पत्रावरून हे प्रकरण न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी निकालात सांगितलेल्या विचाराचा सारांश असा : सक्ती केवळ काठीची किंवा कायद्याची नसते. भुकेमुळे, गरिबीमुळे, दुसरा मार्ग नसल्यामुळे माणूस किमान मजुरीपेक्षा कमी पैशात राबत असेल, तर तीही सक्तीच आणि ते श्रम कलम २३ खाली सक्तीचे श्रमच.

म्हणजे कसोटी मिळाली. मजुरी मिळाली नाही एवढ्यावरून काम वेठ होत नाही. विहाराच्या बांधकामाला आपण विटा वाहतो, ती वेठ नव्हे. ‘नाही’ म्हणण्याची आणि निघून जाण्याची ताकद माणसाकडे नसते, तेव्हा काम वेठ होते.

ऑस्ट्रेलियाचा धडा

ही कसोटी आपल्याच देशापुरती आहे असे समजू नका. श्रीमंत देशांतील गोऱ्या मुलांनाही तिचा अनुभव आला. ऑस्ट्रेलियात परदेशी तरुणांना सुट्टी आणि काम यासाठी एक वर्षाचा व्हिसा मिळतो. दुसरे वर्ष हवे असेल, तर ग्रामीण भागात ८८ दिवस काम केल्याचा दाखला लागे. त्या काळी राहण्या-जेवणावर केलेले शेतकामही या ८८ दिवसांत धरले जाई. झाले काय? मुलांना दाखल्याची गरज आणि दाखल्यावर सही करणारा शेतकरी. जो मुलगा एरवी ‘मला हे काम पटत नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघाला असता, तो सहीसाठी थांबू लागला. पद्धत तीच, जेवण तेच, खाटही तीच. पण निघून जाण्याचा मार्ग बंद झाला आणि राजीखुशीच्या कामाला वेठीचा वास येऊ लागला. शेतांवरील पिळवणुकीच्या तक्रारी २०१५ साली चव्हाट्यावर आल्या. त्याच वर्षी सरकारने नियम बदलला आणि १ डिसेंबरपासून पगार मिळालेले कामच या दिवसांत धरायचे ठरले.

यातून घ्यायचा धडा असा की, जेवणावारी कामात दुसरी कोणतीही गरज अडकवू नये. दाखला, व्हिसा, कर्ज, नोकरीचे आश्वासन यांतले काहीही यजमानाच्या हातात असले, तर तो यजमान राहत नाही, मालक होतो. ज्यांना परदेशात जाऊन कमवायचेच आहे, त्यांनी उजळ माथ्याने पगाराच्या कामाचा व्हिसा मागावा. ऑस्ट्रेलियानेच २०२४ साली १८ ते ३० वयाच्या शिकलेल्या भारतीय तरुणांसाठी सोडतीने वर्षाला एक हजार ‘काम आणि सुट्टी’ व्हिसा देण्यास सुरुवात केली. त्यात कामाचा पगार मिळतो.

व्हिसाची मेख

‘पैसे घेत नाही, मग कामाचा व्हिसा कशाला?’ असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. न्यूझीलंडचे सरकार राहणे आणि जेवण हाच मोबदला मानते, म्हणून अशा कामासाठीही काम करण्याची परवानगी असलेलाच व्हिसा लागतो. इंग्लंडमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठीच स्वयंसेवा करता येते आणि तीही जास्तीत जास्त ३० दिवस. खासगी शेतकऱ्याचे शेत त्यात बसत नाही. संस्थेला आपल्या नावातून ‘काम’ हा शब्द का काढावा लागला, ते आता ध्यानात येईल. परंतु नाव बदलल्याने कायदा बदलत नाही. विमानतळावर अडवून परत पाठवले, तर भाडे गेले आणि पासपोर्टवर शिक्काही बसला. म्हणून ज्या देशात जायचे त्याच्या वकिलातीचा नियम स्वतः वाचावा आणि मगच तिकीट काढावे.

आणखी एक धोका एजंटांचा. ‘परदेशात शेतावर काम, राहणे-खाणे फुकट, फक्त दोन लाख भरा’ असे सांगणारा माणूस वस्तीत आला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका. स्वयंसेवेच्या संस्थांत सभासद थेट होता येते, मध्ये एजंट लागत नाही. आणि पगाराची नोकरी असेल, तर परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्याची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी असावीच लागते. नोंदणी नसेल तर तो दलाल समजावा.

निघण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

आई-वडिलांनी मुलांना आणि मुलांनी यजमानाला विचारावेत, असे काही प्रश्न आम्ही येथे देतो.

१) रोज किती तास काम आणि आठवड्याला सुट्टी किती? हे लेखी घ्यावे. आठ-दहा तास काम सांगणाऱ्याला स्वयंसेवक नको आहे, फुकटचा गडी हवा आहे.

२) काय शिकायला मिळेल? ‘येऊन बघा’ हे उत्तर पुरेसे नाही.

३) झोपण्याची खोली स्वतंत्र आहे काय? तिला आतून कडी आहे काय? मुलींनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. जेथे आधी मुली राहून आल्या आहेत, त्यांचे अनुभव वाचून किंवा त्यांना विचारूनच ठिकाण निवडावे. शक्य तर दोघींनी मिळून जावे.

४) सर्वांबरोबर जेवायचे ना? भारतातील शेतावर जाणार असाल, तर हा प्रश्न न लाजता विचारा. ताट वेगळे, पाण्याचे भांडे वेगळे किंवा आडनावाची वाजवीपेक्षा जास्त चौकशी दिसली, तर त्याच पावली परत फिरा.

५) परतीचे भाडे स्वतःजवळ आहे काय? हा प्रश्न मुलांनी स्वतःला विचारायचा. परतीचे तिकीट आणि आठवडाभर लॉजवर राहता येईल एवढे पैसे खिशात असल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये. पासपोर्ट कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नये.

पाचवा प्रश्न शेवटी दिला असला तरी महत्त्व त्याचेच अधिक आहे. वतनदार महाराच्या खिशात हे भाडे नव्हते. सालगड्याच्या खिशात ते नव्हते. त्यांच्यात आणि आपल्या मुलांत फरक राहायचा असेल, तर तो या तिकिटाने राहील.

आपल्या मुलखात

परदेशच कशाला? श्रमाच्या बदल्यात शिकण्याची सोय आपल्याकडेही आहे. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. वर्षाला १२० तास सेवा आणि सात दिवसांचे खेड्यातील शिबिर यांचा अनुभव आपल्या पुष्कळ मुलांना आहे. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरत आली आहे. सकाळी श्रमदान आणि नंतर चर्चा, व्याख्याने असा तेथील क्रम. ज्यांना परदेशाची हौस आहे, त्यांनी आधी अशा एखाद्या ठिकाणी आठवडाभर घमेले उचलून पाहावे. पाठ किती दुखते आणि मन किती रमते, दोन्ही कळेल.

शिकलेल्या शेतीचा उपयोग काय, असेही कोणी विचारील. १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह करून तुरुंग भरले. त्यांच्याच नावाने राज्य सरकारने २००४ साली सुरू केलेल्या योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. दुसऱ्याच्या शेतात राबण्याचा अनुभव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पण कोणते पीक घ्यायचे, बी कोठून आणायचे, माल कोठे विकायचा, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या हाती क्वचितच होता. ज्यांना जमीन मिळाली किंवा ज्यांच्याकडे गायरानाचा तुकडा आहे, त्यांच्या घरातील एका तरी मुलाने शेती मालकाच्या नजरेने शिकली पाहिजे. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षण मिळते. एखाद्या चांगल्या सेंद्रिय शेतावर महिनाभर राहून शिकणे हाही त्याचाच एक मार्ग आहे.

तेव्हा माता-भगिनींनो, मुलांनी असा विषय काढला तर त्यांच्यावर ओरडू नका. आपल्याला वाटणारी भीती खोटी नाही. ती अनुभवातून आली आहे, हे त्यांना सांगा. आजोबांची, पणजोबांची हकीकत सांगा. मग वरचे पाच प्रश्न कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. पाचही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली, तर त्यांना खुशाल जाऊ द्या. एकाचेही उत्तर डळमळीत आले, तर ‘हे शेत नको, दुसरे शोध,’ असे सांगा. आणि परत आल्यावर त्यांनी काय शिकले, ते एखाद्या रविवारी विहारात सर्वांसमोर सांगायला लावा, म्हणजे एका घराचे शिक्षण सगळ्या वस्तीच्या कामी येईल.

जय भीम!